कर्ण्यातला पंचाक्षरी

मंगळवार पेठ, कोल्हापूर
श्रावणातला पहिला सोमवार, २००५

तीर्थस्वरूप राजशेखर दाजींच्या चरणी धाकटा मेहुणा पंचाक्षरी याचा डोकं टेकवून शरणु.

इकडे आम्ही सगळे कोरडे आहोत. एरवी पत्रात क्षेम लिहितात, पण गेल्या पंधरवड्यात कोल्हापुरात माणसं भेटली की 'बरं हाय का' न विचारता 'कोरडं हाय का' असंच विचारतात, म्हणून तेच लिहिलं. ताईचा गुडघा कसा आहे? पावसात तो धरतो हे मला माहीत आहे आणि तरीही ती जमिनीवर बसूनच भाकरी थापत असणार हेही माहीत आहे. सौंदर्यानं नणंदेसाठी निरगुडीचं तेल काढून ठेवलंय, पण पाठवायला जीव धजत नाही. मागच्या वेळची बाटली तुमच्या पिशवीत फुटली आणि सहामाहीच्या पेपरांना महिनाभर वास येत होता असं ताई म्हणाली होती. तुमचा फोन पाऊस लागल्यापासून मेलेला आहे. लावला की आतून नुसता वारा वाहिल्याचा आवाज येतो. म्हणून हे पत्र उद्या पहिल्या गारगोटी गाडीच्या कंडक्टरकडे देतोय. माणूस चांगला आहे, फक्त त्याला चहा पाजल्याशिवाय सोडू नका, नाहीतर उलट निरोप आणताना अर्धा विसरतो.

दाजी, पुरातल्या माझ्या कामाची बातमी तुमच्यापर्यंत आली असेलच. कुणी म्हणालं असेल, पंचाक्षरीनं नदीकडची गल्ली वाचवली. कुणी म्हणालं असेल, पंचाक्षरीनं भर दुपारी कर्ण्यावरून त्या गल्लीची अब्रू काढली. दोन्ही खरं आहे. पण या सगळ्याचं मूळ तुम्ही आहात, आणि ते तुम्ही विसरला असाल म्हणून सविस्तर लिहितो.

सत्त्याण्णवच्या दिवाळीत तुम्ही आणि ताई भाऊबीजेला आमच्याकडे आला होता. आदल्या संध्याकाळी तुम्ही महाद्वार रोडला फिरायला गेला, तेव्हा आकारामच्या रिक्षातून मी साड्यांच्या सेलचं पुकारत चाललो होतो. (तुम्हाला हे सगळं ठाऊक आहे, पण ताई माझी पत्रं शेजारणींना मोठ्यानं वाचून दाखवते, म्हणून त्यांच्यासाठी सांगतो. आकाराम म्हणजे रिक्षाचा मालक. रिक्षाच्या टपावर एक कर्णा, मागच्या सीटवर मी, माझ्या हातात माईक आणि गालात तंबाखू. पाणी बंद, लहान मुलांचे डोस, सर्कस, सेल, हरवले, सापडले, जे असेल ते गल्लोगल्ली पुकारायचं, हा आमचा धंदा.) दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तुम्ही मला समोर बसवलं आणि विचारलं, "पंचाक्षरी, काल तू काय बोलत होतास ते मला एक अक्षर कळलं नाही. तुला तरी कळत होतं का?"

मी चिवड्याचा आणखी एक बकाणा भरला. दाजी, खरं सांगायचं तर कळायची गरजच नव्हती. 'नागरिकांना कळविण्यात येते की' या चार शब्दांचा माझ्या तोंडातून 'नारकानाकळतंयकी' असा एकच शब्द व्हायचा आणि लोक बाकीचं आपापलं समजून घ्यायचे. रिक्षा सकाळी आली तर पाणी, दुपारी आली तर सेल, संध्याकाळी आली तर सर्कस. पण तुम्ही पडला मुख्याध्यापक. तुम्ही त्या दिवशी मला जे ऐकवलं त्याचा सारांश असा, की माणसानं काम करावं तर त्यात जीव ओतून करावं, आपल्याला जेवढं जमतं त्याच्या एक पायरी वर चढून करावं, नाहीतर घरी बसावं. घरी बसायची सोय नव्हती, कारण घरी सौंदर्या होती आणि ती आतून सगळं ऐकत होती. तुमची गाडी गारगोटीला पोचायच्या आत तिनं माझी तंबाखूची पिशवी चुलीत घातली.

मग मी आवाज कमवायला लागलो. एका भजनी बुवांनी सांगितलं की तोंड भांड्यात घालून आवाज काढला की त्याला गोलाई येते. आम्ही मोठा तांब्याचा हंडा घेतला. रोज पहाटे परसात बसून हंड्यात तोंड घालायचं आणि 'नागरिकांना' हा शब्द जेवढा लांबेल तेवढा लांबवायचा. आमच्या परसाच्या भिंतीपलीकडे सार्वजनिक आड आहे. तिसऱ्या का चौथ्या दिवशी शेजारची तानाबाई धुणं घेऊन आडावर आली आणि तिला जमिनीखालनं माणूस कण्हत असल्यासारखा आवाज आला. तिनं गल्ली गोळा केली. माणसं आडात वाकून 'धीर धर, दोर सोडतोय' म्हणून ओरडायला लागली. मला हंड्यात काही कळेना, नुसता गलका ऐकू आला, म्हणून तोंड पुसून मीही पळत गेलो आणि सगळ्यांबरोबर आडात वाकून बघत बसलो. आता मी आडाशी उभा म्हटल्यावर आवाज बंद झाला, हे उघड आहे. पण माणसांनी त्याचा अर्थ वेगळा घेतला. तानाबाई हमसून रडायला लागली. कुणीतरी टोपी काढली. मीही काढली. आपल्यासाठीच आपण टोपी काढलीय हे माझ्या लक्षात आलं तोवर दोन पोरं कमरेला दोर बांधून आत उतरली होती. पुढचं लिहीत नाही. त्यानंतर मी हंडा घेऊन रंकाळ्यावर जायला लागलो.

पण आवाज झाला, दाजी. दोन महिन्यांत असा झाला की आकारामनं रिक्षा थांबवून मागं वळून बघितलं. पहिलं मोठं काम आलं ते पाण्याचं. उद्या एक दिवस पाणी येणार नाही, एवढीच जाहिरात. पूर्वीचा मी असतो तर 'नारकाना' म्हणून मोकळा झालो असतो. पण आता मी त्यात जीव ओतला. पाणी नसलेलं घर कसं दिसतं, रिकाम्या माठाजवळ उभं राहिलेलं लेकरू आईकडे कसं बघतं, असं सगळं मी त्यात घातलं. बायका दारात येऊन ऐकायला लागल्या. एका आजीनं पदर डोळ्याला लावला. आणि त्या संध्याकाळी अख्ख्या पेठेनं घरातली पातेली, बादल्या, पिंपं, पोरांची टबं, जे हाताला लागेल ते भरून घेतलं. वरच्या अंगाच्या गल्ल्यांना एक थेंब गेला नाही. म्हणजे उद्या जाणार होतं ते पाणी आदल्या दिवशीच गेलं. वरच्या गल्लीची माणसं मोर्चा घेऊन आकारामच्या दारात आली. आकाराम मला म्हणाला, एवढं चांगलं सांगायला तुला कुणी सांगितलं हुतं? मी तुमचं नाव सांगितलं.

मग ज्ञानूची म्हैस हरवली. ज्ञानू म्हणजे नदीकडच्या गल्लीतला, पत्त्यांचा नादी. म्हैस त्याची बायको बघते, हरवायचं काम फक्त ज्ञानूनं केलं. त्यानं मला सांगितलं, काळी हाय, शिंगं हायत, दूध देती. आता एवढ्यावर कोल्हापुरातली कुठली म्हैस ओळखणार? मी तिला बघितली नव्हती, तरी मनानं बघितली. शिंगांना चंद्रकोरीची उपमा दिली. तिच्या चालण्याला ठेका दिला. डोळ्यांबद्दल तर मी असं काही बोललो की रिक्षा चालवता चालवता आकारामनं उसासा टाकला. दुसऱ्या दिवशी म्हैस सापडली. शिवाजी पुलाकडे एका भल्या माणसानं बांधून ठेवली होती, वैरणपाणीही घातलं होतं. पण तो ती देईना. त्याचं म्हणणं असं, की मी जाहिरात स्वतःच्या कानांनी ऐकलीय, ती म्हैस लई देखणी हाय आणि ही तर साधीच हाय, तवा खऱ्या मालकाला मी काय तोंड दाखवू. ज्ञानू तिच्याकडे बराच वेळ बघत उभा राहिला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "पंचाक्षरी, माझी पण हिच्यापेक्षा बरी हुती असं वाटायला लागलंय." शेवटी ज्ञानूच्या बायकोनं येऊन म्हशीच्या कानात काहीतरी म्हटलं, म्हैस हंबरली आणि दावं सोडून निघाली. ज्ञानूची बायको अजूनही मला बघितलं की पदर ओढून घेते.

आता दोन हजार सालाकडे येतो. आकारामनं टेप घेतला. म्हणाला, तुझं हे चांगलं बोलणं एकदा कॅसेटवर घेऊ, म्हणजे रोज घसा फोडायला नको. मला त्यात कमीपणा वाटला नाही, उलट मान वाटला. आमच्या माजघराच्या खिडकीला गोधड्या लावल्या, सौंदर्यानं गरम पाणी आणून ठेवलं, आणि आम्ही एकेक जाहिरात घेतली. पाणी बंदची, डोसची, सेलची, आणि नदीला पूर आला तर लावायची पण एक. पुराची मी सगळ्यांत मनापासून केली. 'पंचगंगामाई आज आपल्या भेटीला येत आहे' अशी सुरुवात होती. पुनःपुन्हा घेतली. एका ठिकाणी श्वास ऐकू येतो म्हणून पुसली, एका ठिकाणी बाहेर कोंबडा आरवला म्हणून पुसली, एकदा तर काहीच चूक नव्हती तरी पुसली, कारण तुम्ही म्हणाला होता, एक पायरी वर. शेवटी जी झाली ती ऐकून सौंदर्या काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. पंधरा वर्षांच्या संसारात मला तो नवाच अनुभव होता.

पुढच्या सोमवारी मी कामावर गेलो तर मागच्या सीटवर, माझ्या जागेवर, आकारामच्या बायकोचं मिरच्यांचं पोतं होतं. ते कांडायला डंकावर न्यायचं होतं. आकाराम बिचारा वाईट नाही. तो म्हणाला, तू दमलायस, जरा इस्रांती घे, लागलं तर बोलावतो. पाच वर्षं त्याला लागलं नाही, दाजी. आणि का लागावं? मी इतकं चांगलं काम केलं होतं की परत करायची गरजच उरली नव्हती.

तेव्हापासून मी चुलतभावाच्या किराणा दुकानात साखर आणि डाळ बांधतोय, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला हे माहीत नाही, की दिवसातून एकदा तरी माझाच आवाज दुकानावरून जायचा. मी इथं पुडीला दोरा गुंडाळतोय आणि मी तिथं टपावरून नागरिकांना कळवतोय. सकाळी मी सौंदर्याला म्हणायचो, आज पाणी भरून ठेव, तर ती म्हणायची, बघू. अकराला रिक्षा यायची, त्यात मीच तेच सांगायचो, तर लगेच उठून भरायची. एकदा दुकानात एक म्हातारबाबा गूळ घ्यायला आले होते. रिक्षा गेली तसे थबकले आणि म्हणाले, काय आवाज हाय, असली माणसं आता व्हायची न्हाईत, कधी गेला हो हा? चुलतभाऊ हसायला लागला. मी गुळाला फडकं बांधत म्हटलं, दोन हजार साली.

(इथं मी थोडा थांबलो होतो. सौंदर्यानं विचारलं, कुणाला लिहिताय एवढं. तुमचं नाव सांगितल्यावर म्हणाली, माझा पण नमस्कार लिहा, आणि लिहिताना रडू नका, शाई पसरती.)

आता पूर. नदीचं पाणी एका दमात येत नाही, वीतवीत चढतं, आणि आपल्या लोकांना पूर म्हणजे जत्रा. निम्मं गाव छत्र्या घेऊन पाणी बघायला, भाजलेली कणसं खात उभं. नदीकडच्या गल्लीतल्या माणसांना तर पुराचा अभिमानच आहे. प्रत्येकाच्या घराला एक पायरी आहे आणि एकोणनव्वद साली पाणी त्या पायरीला शिवून परत गेलतं, असं प्रत्येक जण सांगतो. आकाराम सकाळपासून गल्लीच्या तोंडाशी रिक्षा लावून माझी कॅसेट वाजवत होता. 'पंचगंगामाई आज आपल्या भेटीला येत आहे.' पाच पावसाळे ऐकून ती सगळ्यांना पाठ झालेली. पोरं कर्ण्याबरोबर म्हणत होती. बायका स्वयंपाक करता करता गुणगुणत होत्या. हलत मात्र कुणी नव्हतं.

दुपारी आकाराम भिजून चिंब होऊन दुकानात आला. गुडघ्यापर्यंत चिखल. म्हणाला, "पंचाक्षरी, तुझा आवाज कुणी ऐकंना झालंय. धरणातनं पाणी सोडलंय म्हणत्यात. तू सोता चल."

मला त्या दिवशी सर्दी होती. घसा बसलेला. ना ज्येष्ठमध, ना हंडा, ना तयारी. माईक हातात घेतला आणि 'नागरिकांना' म्हणायला गेलो तर नुसती हवा बाहेर आली. समोर गल्लीत पाणी पायऱ्यांवर चढत होतं आणि ज्ञानू माडीच्या खिडकीत बसून पत्ते पिसत होता. मी त्याच्याकडे बघितलं आणि तोंडातनं निघून गेलं, "ज्ञानू, तुझ्या हातात एक्का न्हाय म्हणून उठंना झालायस व्हय? बायको म्हैस घेऊन मघाशी गेली. तू तिच्या मागनं जा, न्हाईतर तिला म्हैस तेवढी पाहिजे हुती असं गाव म्हणंल."

खिडक्या उघडल्या. कॅसेटला एकही उघडली नव्हती. मग मला थांबता येईना. दाजी, किराणा दुकानात पाच वर्षं बसलेल्या माणसाला काय काय ठाऊक असतं याची तुम्हाला कल्पना नाही. कोण बायकोला उपवास सांगून आमच्या बाकावर बसून शेव खातो, कोण पोराच्या नावानं केसांचा कलप नेतो, कुणाची सासू सुनेला नको म्हणून लपवून पेढे आणवते, सगळं पोटात होतं आणि त्या दिवशी सगळं कर्ण्यातून बाहेर पडलं. गणपतराव म्हणून एक वजनदार गृहस्थ आहेत, पंचात बसतात. त्यांनी कवळी बसवलीय हे त्यांच्या सुनेशिवाय कुणाला माहीत नव्हतं. (सून दुकानात येऊन बोलते.) ते आतल्या खोलीत काहीतरी शोधत होते. मी ओरडलो, गणपतराव, दात शोधत बसू नका, हाय तसं या, जेवायला आम्ही पेज करून देतो.

माणसं बाहेर आली. जीव वाचवायला नव्हे, मला धरायला. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात लाटणं, शेव खाणाऱ्याच्या मागं त्याची बायको, पेढेवाल्या सासूच्या मागं तिची सून, अशी सगळी गल्ली पाण्यातून वाट काढत माझ्या अंगावर आली. आकारामनं रिक्षा मागं घ्यायला सुरुवात केली. मी मागच्या सीटवर उलटा बसून राहिलेल्या घरांची नावं घेत होतो, आणि जसजशी नावं घेत होतो तसतशी मागची गर्दी वाढत होती. चढावरच्या शाळेत त्यांच्यासाठी जागा केली होती. तिथवर आम्ही पुढं आणि गल्ली मागं.

शाळेच्या फाटकात गणपतरावांनी मला गाठलं. त्यांनी चप्पल उगारली होती. तेवढ्यात मागं कुणीतरी 'गेलं, गेलं' म्हटलं म्हणून सगळे वळले. आपापल्या पायरीचं कौतुक सांगणारी ती घरं, त्यांच्या उंबऱ्यावरून पाणी आत शिरत होतं. कुणाच्या तरी दारातून एक पाट बाहेर तरंगत आला आणि कोपऱ्यावर गोल फिरत राहिला. गणपतरावांनी चप्पल खाली टाकून पायात घातली आणि बोळक्या तोंडानं मला म्हणाले, "माझं दात घरातच राहिलं की."

तुमच्या आत्यांना, अक्काताईंना, बाहेर काढायला मात्र मला सगळ्यांत जास्त वेळ लागला. त्या मागं राहिल्यात हे शाळेत माणसं मोजताना कळलं. त्यांचं घर गल्लीच्या पार खालच्या टोकाला. मी आणि आकाराम परत गेलो. माईकची वायर पुरेल तिथवर मी पाण्यात गेलो. आत्या कट्ट्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या, मांडीवर शिवलिंगाची पेटी, आणि मी काहीही म्हटलं की एकच उत्तर, ना बरंगिल्ल, म्हणजे मी येणार नाही. त्यांची गुपितं काढावीत तर त्यांना एकही गुपित नाही, जे आहे ते त्या स्वतःच मोठ्यानं बोलतात. पण शेवटी निघाल्या. स्वतःच्या पायांनी निघाल्या, पेटी डोक्यावर घेऊन, एका हातानं माझा खांदा धरून. सुखरूप आहेत, सध्या आमच्याकडेच आहेत, सौंदर्याला कानडीत स्वयंपाक शिकवतायत.

आता पाणी उतरलंय. गल्ली घरी गेली, चिखल उपसतेय. कुणाच्याही जिवाला काही झालं नाही. माझे आभार कुणी मानले नाहीत आणि मानतील असं वाटत नाही. उलट बायकांनी दुसऱ्या दुकानात जायला सुरुवात केलीय, त्यामुळे चुलतभाऊ माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघतो. शेव खाणारे गृहस्थ सध्या खरंच उपवास करतायत. आकारामनं मिरच्यांचं पोतं कायमचं काढलं आणि मला परत बोलावलंय. रोज जातो. कसं बोलतो म्हणाल तर सर्दी अजून आहे. हंड्यात आता सौंदर्या पाणी भरते. त्या दुपारी मला आवाज आहे हेच मी विसरलो होतो, दाजी, आणि आयुष्यात एवढं चांगलं काम माझ्या हातून पूर्वी झालं नव्हतं. पण ते तुमच्या शाळेत शिकवू नका. पोरं एकमेकांची गुपितं फोडतील.

ताईला नमस्कार, पोरांना आशीर्वाद, शेजारणींना (पत्र इथवर ऐकलं असेल तर) माझी आठवण.

आपलं ऐकल्यामुळेच इथवर आलेला आपला मेहुणा,
पंचाक्षरी

ता. क. हा भाग ताईनं शेजारणींना वाचून दाखवू नये. अक्काताई आत्या कशा निघाल्या ते वर लिहिलं नाही. पाणी कट्ट्याला लागलं होतं आणि त्या उठत नव्हत्या. मी सगळं करून बघितलं. शेवटी मी कर्ण्यावरून असं पुकारलं की गारगोटीचे राजशेखर मास्तर फार आजारी आहेत, त्यांना जड झालंय, आत्यांचं नाव घेतायत, आत्यांनी ताबडतोब निघावं. दाजी, मला माफ करा. तुमच्याशिवाय त्या कुणासाठीच उठल्या नसत्या. तर त्या परवा, बुधवारी, तुम्हाला बघायला येतायत. रस्ता बंद होता म्हणून इतके दिवस थांबल्या. तेव्हा एवढी एक विनंती आहे की बुधवारी तुम्ही आजारी असावं.

ता. क. दुसरा. मी एकदा 'छातीत' म्हटलं आणि घाबरून दुसऱ्यांदा 'पोटात' म्हटलं, त्यामुळे दुखणं सरकतंय असा समज आहे. दोन्हीकडे हात ठेवलात तर बरं. ओसरीवर खाट टाका, कानाला मफलर बांधा. ताईला म्हणावं, पातळ पेज कर आणि त्या असेपर्यंत भजी तळू नको. आत्यांनी तुम्ही बरे होईपर्यंत चहा सोडलाय आणि चहाविना त्या कशा असतात हे आमच्या घराला विचारा. फोन दुरुस्त झाला तर उचलू नका. उचललाच, तर शाळेत बोलता तसं बोलू नका.

ता. क. तिसरा. पाकीट बंद केलं होतं, परत उघडलं. मला राहवेना, मी आत्यांच्या पाया पडलो आणि खरं सांगून टाकलं. त्या वाती वळत होत्या, हात थांबला नाही. म्हणाल्या, "राजशेखरला काय धाड भरलीया. आदल्या दिवशीच गारगोटीचा माणूस भेटलता, शाळेत पोरांवर वरडत हुता म्हणाला." मी विचारलं, मग तुम्ही निघाला कशा? त्या म्हणाल्या, "तू पाण्यात हुबा राहून रडत हुतास. राजशेखरसाठी तू रडणार न्हाईस, हे मला ठावं हाय. म्हटलं, म्हंजे मीच बुडणार असीन. मग उठले." दाजी, मी रडत होतो हे मला आकारामनंही सांगितलं नव्हतं.

तरीही बुधवारचं ठरलेलं आहे, तेवढं लक्षात ठेवा. कारण आपण पुराला भिऊन उठलो असं कुणी म्हणू नये म्हणून आत्यांनी शाळेतल्या चार रात्री अख्ख्या गल्लीला तुमच्या दुखण्याच्या गोष्टी सांगितल्यात, आणि मला मारायला निघालेली ती माणसं, गणपतरावांसकट, मोसंबी घेऊन त्यांच्याबरोबर येतायत. चहा आत्या आमच्याकडे आल्या दिवसापासून चोरून पितात, तो सौंदर्याच करून देत होती. तेव्हा दाजी, अंथरूण धरा. माझ्यासाठी राहू दे, पण आपली आत्या अख्ख्या गल्लीसमोर खोटी पडता कामा नये.